लाल फुलीची गाडी

जत्रांतून दागिने विकायला मी जुनी रुग्णवाहिका विकत घेतली आणि तिच्यावरची लाल फुली मुद्दाम पुसली नाही.

तोवर आम्ही नवरा-बायको औरंगाबादहून एसटीनं फिरायचो. पैठणची षष्ठी, खुलताबादचा उरूस, पिशोरचा बाजार. माणसं जमतील तिथं चादर अंथरायची आणि जोडवी, पैंजण, मणी मांडायचे. प्रवासभर ट्रंक दोघांच्या पायांत. एकदा गर्दीत कुणीतरी बायकोच्या पिशवीला ब्लेड मारलं, तेव्हा तिनं जाहीर केलं, "आता गाडी आणाल तरच येईन."

लोक मुलीसाठी स्थळं बघत हिंडतात तसा मी गाड्या बघत हिंडलो. जीपला वर नुसती ताडपत्री. चाकू फिरवला की दुकान उघडं. मॅटॅडोरला चहूबाजूंनी काचा. एक बंद टेम्पो मनात भरला होता, पण त्याच्या मागं एवढं थोरलं कुलूप, की आत माल आहे हे आंधळ्यालाही कळावं. शेवटी जालना रोडवरच्या एका दलालानं ही पांढरी गाडी दाखवली. दुधी काचा, मागं भक्कम दार, आत लोखंडी बाक.

"सेठ, इसकू कौन हात लगाताय?" तो म्हणाला. "चोर बी बीमारी से डरता."

मी तिथंच हो म्हणालो. बायको म्हणाली, "अहो, ती फुली तरी पुसून घ्या."

"वेडी का काय! खरं कुलूप तर तेच आहे."

पेट्या साखळीनं बाकाला जखडल्या आणि निघालो. खरं सांगतो, मजा यायची. नाक्यावर कुणी अडवायचं नाही. षष्ठीच्या गर्दीत लोक आपणहून बाजूला व्हायचे. एका म्हाताऱ्यानं तर गाडीला हात जोडले. मीही चेहरा असा पाडला, जसं काही आत कुणी शेवटच्या घटका मोजतोय. आत होते पैंजण.

मग पिशोरचा तो बाजार आला. दुपारी गिऱ्हाईक रंगात असताना एक म्हातारी सुनेला दंडाला धरून घेऊन आली. गावाबाहेर मेंढरं घेऊन उतरलेली माणसं. मुलगा कळपामागं लांब गेलेला, आणि सुनेच्या तोंडावर घामाच्या धारा.

"ऊठ रं ड्रायव्हर, गाडी काढ! सून अडलीय माजी."

"आजी, ही दवाखान्याची गाडी नाय. आमचं दुकान आहे."

तिनं फुलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मग ही फुली कशापायी?"

निदान आता तरी गाडी चालू करावी की नाही? मी दागिने गोळा करायला बसलो. जोडी जोडी लावून डब्यांत, डबे पेटीत, पेटीला कुलूप, आणि लागलं की नाही म्हणून वर एक हिसका.

"अहो, चादरीला गाठ मारा अन् टाका आत!" बायको ओरडली. "ती बाई उभी आहे!"

"झालंच," मी म्हणालो. झालेलं नव्हतं.

बाकावर पेट्या, म्हणून बायकोनं खाली चादर घातली आणि सुनेला तिथं निजवलं. म्हातारी पाठोपाठ चढू लागली, तर मी दार धरलं. "आजी, तुम्ही पुढं बसा. मागं जागा नाय. माझी बायको बसते तिच्यापाशी."

मागं जागा होती. मलाही दिसत होती, तिलाही दिसली. साखळीनं जखडलेल्या पेट्यांकडं एकदा बघून ती पुढं येऊन बसली. कन्नडच्या दवाखान्यापर्यंत मधल्या जाळीतून सुनेचं कण्हणं ऐकत राहिली, आणि जाळीतून हात जात नव्हता. मी गाडी जीव खाऊन हाणली. पण मघाशी घालवलेला वेळ काही केल्या भरून निघेना.

दवाखान्यात नर्स माझ्यावरच उखडली. "कसले ड्रायव्हर हो तुम्ही? एवढा उशीर करतात?" मी भिंतीकडं बघितलं. आत मुलगा जन्मला, पण रडेना. म्हातारी व्हरांड्यात पदर तोंडात धरून उभी, बायको तिच्याजवळ. आणि मी? लाज वाटते सांगायला, माझ्या मनात आलं, गाडीचं मागचं दार नीट लागलंय ना? नुसतं मनात येऊन थांबलं नाही. मी बघून आलो. परतलो तेव्हा दोघी तशाच उभ्या होत्या. बायकोनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग आतून एक चिरका आवाज आला, आणि म्हातारीनं तोंडातला पदर सोडला.

मी धावत गाडीकडं गेलो, पेटी उघडली. चांदीचे वाळे काढले, होते त्यातले सगळ्यांत जड, आणि तिच्या हातावर ठेवले. "नातवाला घाला, आजी."

तिनं ते उलटसुलट करून बघितले आणि माझ्या हातात परत दिले.

"नगं बाबा. तुजे वाळे पोराच्या पायात घातले, तर तू पोराला बी कुलूप लावशील."