लुपे राजाच्या चर्चला गेली नाही

टोंगाच्या मोठ्या बेटावर, खाडीच्या काठच्या त्या गावात लुपेचं नाव दोन गोष्टींसाठी निघायचं. झाडाच्या सालीचं कापड कुटावं तर तिने, आणि जीभ चालवावी तर तीही तिनेच. ओंडक्यावर साल पसरून बायका लाकडी मोगऱ्या घेऊन बसल्या की ही मधोमध. कुणाचा नवरा आळशी, कुणाची सून चोरून खाते, सगळं मोगरीच्या तालावर बाहेर यायचं. रविवारी मात्र तिथल्या रीतीप्रमाणे कमरेला धुतलेली चटई गुंडाळून ती जुन्या वेस्लियन चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसायची. तिथे ती कुणाची टिंगल करत नसे.

पदरी मूल नव्हतं. नवरा तोमासी कमी बोलणारा, कोनफळाच्या मळ्यात रमणारा. भाऊ एनोसी तिच्याहून चार वर्षांनी धाकटा आणि गावचा अधिकारी. वयात आल्यापासून भाऊ-बहीण घरात एका छपराखाली बसले नव्हते. तशी रीतच होती. पण एनोसीच्या लेकीचं, लावीनियाचं सगळं आत्यापाशी चालायचं. केस विंचरायचे आत्याने, लग्नाची चटई विणायची आत्याने. आत्याचा हात असला तर बाळंतपण सुखरूप आणि आत्याचा शाप लागला तर अरिष्ट, असं लोक मानायचे.

मग राजाचं हे चर्च चालवणाऱ्या परदेशी मिशनशी बिनसलं आणि त्याने स्वतःचं चर्च काढलं. बायबल तेच, भजनं तीच, पाळकही बरेचसे तेच. सगळ्यांनी तिकडे यावं, असा निरोप आला. आधी गोडीने, मग दमदाटीने. गावातली निम्मी घरं गेली, एनोसीचंही. त्यातच राजधानीत प्रधानावर कुणीतरी गोळ्या झाडल्या, आणि जुन्या चर्चचा प्रत्येक माणूस राजद्रोही ठरला. उत्तरेच्या बेटांवरून राजाचे लढवय्ये होड्या भरभरून उतरले आणि गावोगाव फिरू लागले.

एका दुपारी एनोसी बहिणीच्या घराच्या कुडाबाहेर येऊन उभा राहिला.

"ताई, आहेस का आत?"

"नाही, मेले मी. बोल."

"उद्या ते आपल्या गावात येतायत. साठ-सत्तर माणसं आहेत. या रविवारी एकदा येऊन बस आमच्याकडे. मागच्या रांगेत बस. गाऊ नकोस हवं तर."

"गायचं नाही? मग काय माशा मारायला येऊ?"

"हसू नकोस गं. देव तोच आहे ना?"

आतली मोगरी थांबली. "एनोसी, तेरा वर्षांची होते मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा. पाळकांनी विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून आलीस? मी म्हटलं, कुणाच्याच नाही, माझी मी आले. आता राजाच्या सांगण्यावरून उठून गेले, तर ते खोटं होईल."

"तेरा वर्षांच्या पोरीचं बोलणं ते!"

"पण बोलले मीच ना?"

एनोसीने कुडावरचा हात काढला. मग पाऊल न वाजवता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी माणसं आली. डुकरं मारली, मळ्यातली कोनफळं उपसली, घराचे खांब ओढून काढले. तोमासीला माडाला बांधलं. फटक्यांच्या मधे मधे एकजण विचारायचा, "येतोस राजाच्या चर्चला?" तोमासी नकाराची मान हलवायचा. शेजारी अधिकारी म्हणून एनोसी उभा होता, मातीकडे बघत.

एकदा तोमासीने मान वळवून लुपेकडे पाहिलं. पाठीवरून रक्त ओघळत होतं. लुपेच्या मनात आलं, 'हो' म्हणून टाका एकदाचं, मी काही म्हणणार नाही. ओठ हलवले असते तरी त्याला कळलं असतं. तिने ओठ हलवले नाहीत. त्याने मान पुन्हा सरळ केली आणि फटके सुरू झाले.

त्या संध्याकाळपर्यंत गावातली पाच घरं सोडून बाकी सगळ्यांनी नावं दिली. पाच घरांना कुणी अन्न द्यायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, असा हुकूम निघाला. ते रानात झावळ्या टाकून राहिले. ज्या बायका इतकी वर्षं लुपेच्या विनोदांना हसल्या, त्या पाणवठ्यावर तिला पाहून मागे फिरायच्या. तोमासीची पाठ चिघळली. लुपे पाला कुटून लावायची, आणि त्याने आपल्याकडे का पाहिलं होतं हे विचारायचं धाडस तिला होत नसे.

काही आठवड्यांनी हुकूम आला, की उरलेल्यांना फिजीला पाठवायचं.

किनाऱ्यावर होडी लागली तेव्हा लावीनिया धापा टाकत आली. सातवा महिना होता. तिने आणि तिच्या नवऱ्याने पहिल्याच दिवशी राजाच्या चर्चला नाव दिलं होतं.

"आत्या, पोटावर हात ठेव माझ्या. तुझा हात नसला तर कसं होईल माझं?"

"राजाला सांग की ठेवायला. आता तुमचं सगळं तोच बघतो ना?"

"आत्या, असं नको गं बोलू."

लुपेने तोंड फिरवलं आणि तोमासीला आधार देत होडीत चढली. किनारा लांब गेल्यावर तिने मागे पाहिलं. पोर अजून गुडघाभर पाण्यात उभी होती. "जरा मागे घ्या," असं लुपे वल्हेकऱ्याला म्हणाली, पण त्याच्यामागे बंदूकवाला बसला होता. होडी जहाजाकडेच गेली.

फिजीतल्या कोरो बेटावर तिथल्या लोकांनी जागा दिली, खायला घातलं. त्यांची भाषा कळत नव्हती, पण प्रार्थनेला ते शेजारी येऊन बसायचे. तोमासीची पाठ भरली, छाती मात्र गेली. दुसऱ्या पावसाळ्यात खोकता खोकता तो वारला. जायच्या आदल्या दिवशी लुपेने शेवटी विचारलंच, "त्या दिवशी माझ्याकडे का पाहिलंत हो?"

"तू उभी आहेस की पडलीस, ते बघितलं," तो म्हणाला.

ती बाहेर जाऊन रडली. इतके दिवस वाटत होतं, तो परवानगी मागत होता आणि आपण दिली नाही.

त्यानंतर महिनाभरात एनोसीचं पत्र आलं. लावीनिया बाळंतपणात गेली होती, तीही जहाज गेल्यावर दोनच महिन्यांनी. मुलगी वाचली होती. इतके दिवस कळवायचा धीर झाला नाही, असं त्याने लिहिलं होतं. खाली होतं: "राजाच्या चर्चच्या कागदावर सही करणाऱ्याला परत येऊ देतायत. सही कर आणि ये, ताई."

लुपेने शोकाच्या रीतीप्रमाणे केस कापले.  सगळ्यांबरोबर प्रार्थना म्हणताना 'आम्ही जशी इतरांना क्षमा करतो' या ओळीशी आली की तिची जीभ अडायची, आणि बाकीचे पुढे निघून जायचे. पत्र मात्र तिने परत धाडलं. त्यावर लिहिलं होतं, "येईन तर तशीच येईन. सही नाही."

तिसरं वर्ष सरता सरता राजाचा प्रधान बदलला आणि सगळ्यांना माफी मिळाली. कसली माफी, कुणी कुणाला द्यायची, यावर कोरोच्या किनाऱ्यावर हद्दपारांपैकी दोघं हसले. लुपे हसली नाही.

गावात तिचं स्वागत कुणी केलं नाही. आत्याच्या शापाने पोर गेली, हे तोवर सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. ती आली तशी दफनभूमीत गेली. तिथे एनोसी लेकीच्या थडग्यावरची पांढरी वाळू हाताने सारखी करत होता. बहिणीला पाहून तो उठला आणि अंतर ठेवून उभा राहिला.

"तू शाप दिलास का तिला?"

"नाही. पण हातही ठेवला नाही."

"का गं?"

"राग होता. देवासाठी नव्हता तो, एनोसी. माझा होता."

तो खाली बसला. वाळूवर हात फिरवत म्हणाला, "तोमासी हो म्हणाला, असं मी त्या माणसांना सांगू शकलो असतो. गर्दीत कुणाला ऐकू गेलं असतं? मनात आलं होतं माझ्या. घाबरलो."

लुपेने 'जाऊ दे' म्हटलं नाही. त्यानेही तिला म्हटलं नाही. दोघांनी मिळून वाळूतलं गवत उपटलं.

लावीनियाची मुलगी तीन वर्षांची होत आली होती. लुपे बघायला गेली तेव्हा ती आजीच्या, एनोसीच्या बायकोच्या, पाठीमागे दडली आणि रडून लाल झाली. पुढेही ती आत्याआजीच्या जवळ कधी नीट आली नाही. कुणीतरी तिच्या कानात काहीतरी घातलं होतं. एनोसीने एकदा सुचवलं, "आमच्याकडे येऊन बसलीस तर पोरीला तुझी सवय होईल." लुपेने नाही म्हटलं. गावातलं जुनं चर्च पाडलं होतं, म्हणून दर रविवारी ती खाडीला वळसा घालून पलीकडच्या गावात चालत जायची. तिथे अकरा माणसं जमायची.

अशी ती आणखी नऊ वर्षं जगली. गेली तेव्हा राजाच्या चर्चच्या दोघांनी कुरकुर केली, पण दफनभूमी सगळ्यांची एकच होती आणि एनोसी अजून अधिकारी होता. त्याने तिला लावीनियाच्या शेजारी ठेवलं. तोमासी कोरोवरच राहिला.