दारूशिवायचे सण

आमचं युरोप दारूमुळे ठरलं आणि दारूमुळेच मोडलं. पहिलंच वाक्य असं लिहिलं की घरातले कपाळाला हात लावतील. लावू देत. मला आडून आडून बोलता येत नाही, त्याला मी काय करू?

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा सुमार असेल. माझे धाकटे दीर जर्मनीत नोकरीला होते. लग्न केलं नव्हतं, एकटेच राहायचे. पिऊन गाडी चालवताना पोलिसांनी पकडलं आणि लायसन्स काढून घेतलं. हे त्यांनी फोनवर फक्त आमच्या ह्यांना सांगितलं. वर म्हणाले, "दादा, तू ये ना. वहिनीलाही आण. गाडी नुसती उभी आहे. तू चालव, तिघं फिरू." फोन ठेवून हे मला म्हणाले, "फिरणं गेलं खड्ड्यात. महिनाभर त्याला बाटलीपासून लांब ठेवला, तर माणूस वाचेल गं." आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, यातलं काही कळू द्यायचं नाही असं आमचं ठरलं. माझे सासरे गिरणी कामगार, आणि ते दारूनेच गेले होते. त्याच बाईला मुलाचंही तेच सांगायचं, कोणत्या तोंडाने?

तर आईंसाठी ती सहल होती. मी घाटकोपरच्या शाळेत भूगोल शिकवायचे. आल्प्स आणि ऱ्हाईन फळ्यावर इतक्यांदा काढले होते की काळजी असूनही मला हाव सुटलीच. नुसती शहरं बघायची नाहीत, गावोगावचे सण गाठत गाठत जायचं, असं मी ठरवलं. सप्टेंबरात तिकडे पिकं निघतात, जत्रा भरतात. भावोजींनी रंगीत पुस्तिकांचा गठ्ठाच पाठवला. विक्रोळीच्या कॉलनीतल्या आमच्या दोन खोल्यांत, जमिनीवर नकाशा पसरून मी बसले.

कसलं काय! पहिलाच सण द्राक्षतोडणीचा, पानभर वाईनचे पेले. हे म्हणाले, "नको." दुसरी बिअरची जत्रा. "वेडी आहेस का तू?" सफरचंदांचा सण सापडला म्हणून मी खूश, तर खाली बघते तो सफरचंदाचीही दारूच. नदीत दिवे सोडतात ते गाव किती सुंदर, पण तिथेही काठावर माणसं पेले घेऊन उभी.

"अहो, या लोकांचा एक तरी सण कोरडा असेल की नाही?" मी वैतागून म्हटलं.

"आपला शिमगा कोरडा असतो वाटतं?" हे म्हणाले. मी पुढची पुस्तिका उघडली.

शेवटी एक सापडला. थंडीच्या आधी डोंगरावरून गाई खाली आणतात, त्यांच्या डोक्यावर फुलांचे मुकुट, गळ्यात घंटा. चित्रातली मुलं चक्क दूध पीत होती. आईंनी पुस्तिका डोळ्यांजवळ धरली. "गायींका सजवतत? बरी माणसां मगे ती," म्हणाल्या. मग मी सगळा रस्ता त्या गाईंभोवती आखला.

अडचण एकच, तेव्हाच गणपती येत होते. आमचं कोकणातलं घर, हे मोठे. गणपतीला मोठा मुलगा घरी नाही म्हणजे गावाने तोंडात शेण घालायचं. मी भीतभीतच विचारलं. आई लगेच म्हणाल्या, "जावा दोघांय. गणपती रागवाचो नाय." मी चाटच पडले. सोवळंओवळं सांभाळणारी ही बाई एवढ्या सहजी हो कशी म्हणाली, हा विचार तेव्हा यायला हवा होता. पण माझ्या डोक्यात गाई होत्या.

भावोजींचा फोन रविवारी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे यायचा. आई एकच प्रश्न विचारायच्या, "जेवलंस काय रे?" तिकडून भावोजी मोठ्याने हसायचे. आई मुकाट्याने रिसिव्हर ह्यांच्या हातात द्यायच्या.

आता ह्यांचं डोकं बघा. युरोपात गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालवतात, तर त्याची सवय हवी! ह्यांच्याकडे लायसन्स होतं, गाडी नव्हती. रविवारी सकाळी मित्राची गाडी मागून आणायचे आणि खाडीकडच्या रिकाम्या रस्त्यावर उजवीकडून चालवायचे. मी म्हटलं, "अहो, तिथल्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं. या सरावाचा उपयोग शून्य." पण भूगोलवालीचं ऐकतो कोण!

एका रविवारी आई म्हणाल्या, "मी पण येतंय." त्या मागे बसल्या. वळणावर समोरून दूधवाल्या भय्याची सायकल आली. तो बिचारा त्याच्या बाजूने येत होता, आम्हीच उलटे. ह्यांनी करकचून ब्रेक मारला, भय्याने उडी टाकली, कॅन आडवे झाले आणि दूध रस्ताभर. भय्याला खरचटलंसुद्धा नाही, देवाची कृपा. जवळच्या कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन धावत आला आणि चार लोकांदेखत ह्यांना म्हणाला, "काय साहेब, सकाळी सकाळी टाकून आलात काय?"

बापाचं पाहून ह्यांनी जन्मात थेंबाला हात लावला नव्हता. लालबुंद होऊन म्हणाले, "अहो, मी जर्मनीची प्रॅक्टिस करतोय!" झालं! लोक आणखीच हसले. मलाही हसू फुटणार होतं, तेवढ्यात मी मागे वळून पाहिलं. आई पदराचा बोळा तोंडात धरून बसल्या होत्या.

घरी आल्यावर त्यांनी चहाला हात लावला नाही. ह्यांना समोर बसवलं. "गाडी तेची. रस्ते तेच्या वळखीचे. मगे तू कित्याक चालवतलंस?"

"तेची पाठ दुखता, आये."

"पाठ?" आई माझ्याकडे वळल्या. "तू सांग गो."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. आईच मग ह्यांना म्हणाल्या, "तुझो बापूस गिरणीतसून इलो की मी इचारायची, जेवलास काय? शुद्धीत असलो तर म्हणायचो, वाढ. पिऊन असलो तर हसायचो. ह्यो तुझो भाव वर्षभर हसता हा."

आमचा एवढा मोठा माणूस तिथेच जमिनीवर बसून रडायला लागला. आम्ही दोघं आईंपासून लपवून सगळ्या युरोपचे सण गाळत बसलो होतो, आणि आई शेजारी बसून, सगळं माहीत असून, गाईंची चित्रं बघत होत्या. मला त्यांचा रागही आला. एवढं एकटीने का सोसायचं हो?

"सण बघूक जाव नको," आई ह्यांना म्हणाल्या. "तेच्या घरात एकटोच जावन ऱ्हव."

माझं जाणं तिथेच संपलं. मी नकाशाची घडी घातली.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं वर गेलो. शेजारणीने आईंना स्टूल दिलं. मी रिसिव्हरला कान लावून उभी. भावोजी आधीच हसत होते. "जेवलंय हां, आये!"

"जेवणाचा इचारूक नाय," आई म्हणाल्या. "पितंस काय रे?"

हसणं बंद झालं. नुसती खरखर. मला वाटलं, लाईन गेली. मग लहान मुलासारखा आवाज आला, "होय गे, आये."

"दादा येता हा. एकटोच येता. खंय फिराक नको. घरात भात करा, दोघांनी बसून जेवा." आईंनी रिसिव्हर दोन्ही हातांनी आपल्या कानाशी घट्ट धरला होता. "आणि ह्याच्यापुढे मी इचारलंय, जेवलंस काय, तर हसा नको. वाढूक कोण नसला तरी, वाढ म्हण."

तिकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. आईंनी रिसिव्हर ह्यांच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसल्या.