आमेनची वाट

अकोले तालुक्यातल्या डोंगरातून तो आमच्या नगरच्या बायबल कॉलेजात युवकसेवेचं शिक्षण घ्यायला आला, आणि आठवडाभरातच मेसच्या मावशी चहावर बशा झाकायला लागल्या. चहाआधीची प्रार्थना त्याच्याकडे गेली की संपता संपायची नाही. आजारी माणसं, परीक्षेला बसलेली पोरं, मावशींची गाभण शेळी, सगळे त्यात यायचे. मी एक डोळा किलकिला करून बशीकडे बघत बसायचो. सर एकदा म्हणाले, "जरा आटोपतं घ्या." हा म्हणाला, "सर, एखादं राहून गेलं तर?"

कर्जतच्या युवक मेळाव्यात माझा पहिला उपदेश होता. दोन वाक्यं बोललो आणि पुढचं सगळं डोक्यातून पुसलं गेलं. टिपणाचा कागद बायबलमध्ये सापडेना. तेवढ्यात मागच्या बाकावरून हा उठला.

"आपुन प्रार्थना करू."

सगळ्यांनी डोळे मिटले. तो शेळीपर्यंत पोचला तेव्हा मला कागद सापडला. मी हळूच खाकरलो. "आमेन," म्हणून तो खाली बसला.

नंतर पोरं त्याला म्हणाली, "आज लईच लांबवलं राव."

"व्हय," माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मला खोडच हाय ती."