गुणाकार मध्ये घुसला

आमच्या शेजारच्या आबांइतका सरळ आणि तितकाच संताप आणणारा माणूस अख्ख्या धुळ्यात सापडणार नाही. रांग हा त्यांचा देव. जळगावच्या गाडीत कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, तर आबांनी तो रुमाल उचलून कंडक्टरच्या हातात दिला. भांडणात गाडी वीस मिनिटं हलली नाही आणि त्याच गाडीत बसलेल्या मला ऑफिसात लेटमार्क लागला. दवाखान्यात, लग्नाच्या जेवणात, जिथे जातील तिथे "तुम्ही कुणाच्या मागे?" हे विचारणारच. इथवर मी सोसलं. पण त्यांनी ही रांग गणितात आणली, आणि तीही माझ्या मुलीच्या.

ती पाचवीत, शिष्यवृत्तीला बसलेली. आम्ही दोघं नोकरीवरून येईपर्यंत आबाच तिचा अभ्यास घ्यायचे. सराव परीक्षेत बेरीज-गुणाकार एकत्र असलेली पाचही उदाहरणं चुकली. दोन अधिक तीन गुणिले चार, उत्तर वीस! वही घेऊन मी तडक त्यांच्या ओट्यावर गेलो.

"आबा, कंचेभागुबेव ऐकलंय का कधी? आधी गुणाकार, मग बेरीज. चौदा!"

"जो पहिले उना, त्याना नंबर पहिले. हाऊ गुणाकार काय आमदारना पोऱ्या शे का, मधमा घुसाले?" म्हणत त्यांनी आपला साधा कॅल्क्युलेटर दाबून दाखवला. वीस.

"तो दाबाल त्या क्रमाने करतो हो! त्याला अक्कल नाही."

"त्याले शिस्त शे."

मी दात आवळून विचारलं, "दोन पेरू सुटे, आणि तीन-तीन पेरूंच्या चार पिशव्या. एकूण किती?"

"बठ्ठा चौदा."

"मग?"

"मंग काय? पेरू येगळा, गणित येगळं."

माझा तोल गेला. "उद्यापासून पोरीला शिकवू नका. तिची परीक्षा बुडवाल तुम्ही!"

आबांनी कॅल्क्युलेटर खिशात टाकला. दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद झाले. पुढचे पंधरा दिवस मीच शिकवलं.

परीक्षा सुटली तेव्हा आबा शाळेच्या फाटकाशी उन्हात उभे होते. माझ्याकडे पाहिलंही नाही. मुलगी बाहेर येताच वाकून हळूच म्हणाले, "गुणाकार पहिले कया ना, बेटा?" ती हो म्हणाली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चालू लागले. मी हाक मारायला हवी होती. राग उतरला नव्हता, म्हणून मारली नाही.

हल्ली संध्याकाळी घरी आलो की मुलगी एकटीच वही उघडून बसलेली असते. उत्तरं तपासतो. सगळी बरोबर असतात.