न भिणाऱ्याच्या हातानं

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिखलीच्या बाजारात मेथी घेत होतो. सकाळपासून त्याच्या छातीत दुखत होतं, गॅस असेल म्हणून तो ओवा खाऊन पडून राहिला आणि दुपारी संपला. खरं सांगतो, दुःख मागाहून आलं, आधी भीती आली. आमच्या दोघांत एक खोटं होतं, ते आता मला एकट्याला सांभाळायचं होतं...

अमडापूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर. मी पालीला भिणारा, तो विंचू चिमट्यात धरून वर्गात आणणारा. पुढं मी कारकून झालो, तो कच्छातल्या कोळशाच्या खाणीवर डंपर चालवायला गेला. सुटीच्या दिवशी बाकीचे ड्रायव्हर पत्ते कुटत, हा ओढ्यांच्या दरडी उकरत बसे. फार पूर्वी तिथं समुद्र होता. त्यातल्या अजस्र शार्क माशांचे दात दगड होऊन मातीत राहिले होते. गावी येताना तो ते मोज्यांत भरून आणायचा. एकदा त्यानं अंगणात रांगोळीनं जबडा काढला, त्यावर दात मांडले आणि मधोमध जाऊन उभा राहिला. मोठे दात तळहाताएवढे, कडा करवतीसारख्या. "ये ना बे आत. मेलेला मासा हाय, काय करते तो?" मी उंबऱ्यावरून हललो नाही. भर दुपारी मला तो जबडा मिटेल असं वाटत होतं.

तरी त्याच्या आग्रहाखातर एकदा कच्छला गेलो. तो दरडीत शिरून दात उकरत होता. दरडीला गेलेला तडा मला दिसत होता, वरून माती भुरभुरत होती. मी ओरडलो, "दिगू, निघ बाहेर!"

"एकच राह्यला. हा निघाला की जाऊ."

आणि दरड बसली. धूळ विरली तेव्हा तो कमरेपर्यंत गाडलेला होता आणि माझ्याकडे हात करत होता. मी... मी पळालो. आमच्या जीपमध्ये बसलो, दार लावलं, काच वर केली. बकऱ्या चारणाऱ्या एका माणसानं त्याला ओढून काढलं. गावात येऊन मात्र दिगू सांगत सुटला, "यानं काढलं मले, नाही त मेलोच होतो." मी एकांतात त्याच्यावर चिडलो, तर हसून म्हणाला, "मंग काय सांगू बे लोकाइले, तू काच लावून बसला होता म्हणून?" तेव्हापासून दिगूच्या बायकोनं, शकूवहिनींनी, दर भाऊबीजेला मला ओवाळायला सुरुवात केली. मी त्या पाटावर चोरासारखा बसायचो.

झोपेत दचकणाऱ्या लेकराच्या गळ्यात आमच्याकडे पूर्वी वाघनख बांधत, तेही न भिणाऱ्या माणसाच्या हातानं. आता वाघनख कुठून येणार? गावात त्याऐवजी दिगूनं आणलेले माशांचे लहान दात आले, आणि बांधणारा हातही त्याचाच. तो गेल्यावर घरातल्या रडारडीनं त्याची दीड वर्षाची नातच दचकू लागली. मागच्या आठवड्यात वहिनींनी मला बोलावलं, काळ्या दोऱ्यात ओवलेला दात पुढं केला. "तुमीच बांधा भाऊजी. ह्यायच्या मागं न भेणारे तुमीच."

माझ्या हातानं बांधला आणि लेकराला काही झालं तर? वहिनींच्या मांडीवरची पोर माझ्याकडे टक लावून पाहत होती. मी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. जीप, काच, तो बकऱ्यावाला...

वहिनींनी दोरा बोटाभोवती गुंडाळला, सोडवला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी म्हणलं, छातीत दुखते त दवाखान्यात चला. मले म्हणे, भेव कायचं एवढं? थोडेसे भेले असते, त आज असते." दोरा त्यांनी माझ्या हातात दिला. "बांधा तुमी. भेणाऱ्याच्याच हातानं बांधू आता."

गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. पोरीनं लगेच दात उचलून तोंडात घातला. धारेनं ओठ कापेल म्हणून मी ओरडलोच. नवा दात सापडला की दिगूही आधी तो जिभेला लावून पाहायचा, आणि मी असाच ओरडायचो. त्यानं कधी ऐकलं नाही. पोरीनं मात्र दात सोडला.