कलीमचाचांचा कान

कलीमचाचा माणसांशी बोलताना मान खाली घालत आणि मोटरचं ऐकताना डोळे मिटत. जळालेल्या मोटरमध्ये नवी तार भरून झाली की ते ती चालू करत, लांब पेचकसाचं टोक तिच्या अंगावर टेकवत, लाकडी मूठ उजव्या कानाशी धरत आणि तसेच उभे राहत. समोर जीपवाले हॉर्न वाजवून जीव खात असत, पण चाचा तिथं नसतच. सगळं ठीक असलं तर मोटरच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "पास." ती थाप पडल्याशिवाय जाफराबादच्या आसपासचा शेतकरी मोटर विहिरीवर नेत नसे.

त्यांचं दुकान म्हणजे जीप स्टँडसमोरचा एक शटरचा गाळा. तांब्याच्या तारेची बंडलं, वार्निशचा गोडसर वास, मागच्या भिंतीला जाळी आणि जाळीत चिमण्यांचं घरटं. दुपारी तीनच्या सुमारास त्या जाळीतून उन्हाचा एक पट्टा आत यायचा आणि त्यात धूळ सावकाश फिरत राहायची. शाळा सुटली की आमच्या गावची जीप भरेपर्यंत मी तिथल्या स्टुलावर बसायचे. आमच्याकडची जीप नुसत्या सीटा भरून भरत नाही, पायरीवर आणि टपावरही माणसं लागतात. त्यामुळे माझं निम्मं लहानपण मोटरींच्या संगतीत गेलं.

सातवीत असताना एकदा त्यांनी पेचकस माझ्या हातात दिला. "लाव कानाला. काय म्हणून राह्यली?"

मी मूठ कानाला लावली. बाहेरून नुसती गुरगुरणारी मोटर आत भलतंच बोलत होती. तळाशी जाड, संथ सूर. त्याच्यावर थांबून थांबून येणारी खरखर. आणि सगळ्यांच्या वर, फार लांबून यावा तसा एक पातळ हेल. विहिरीत वाकून पाहताना वाटतं तसं मला वाटलं, थोडी भीती आणि खूप ओढ. किती वेळ गेला कोण जाणे, जीप मात्र निघून गेली.

"काहीतरी घासतंय," मी म्हणाले.

"घासूनच राह्यलं. मागलं बेअरिंग. शाब्बास बेटा! मोटर खोटं बोलत न्हाई, फक्त तिला बोलू द्यायला पायजे. लोक आयकायच्या आधीच पान्हा लावतेत."

घरी पोचल्यावर उशिराबद्दल आईनं यथेच्छ खरडपट्टी काढली. मी ती नीट ऐकली. खाली जाड सूर होता, वर थोडी खरखर.

अकरावी-बारावीत तर हा रोजचा नेम झाला. चाचा आधी स्वतः ऐकायचे, मग पेचकस मला द्यायचे, "काय म्हणून राह्यली?" विचारायचे आणि माझं उत्तर आल्यावरच थाप मारायचे. मला वाटायचं, माझी परीक्षा चालली आहे. त्या परीक्षेचा मला फार गर्व होता.

बारावी झाल्यावर मी घरात जाहीर केलं, की मला पुण्याला जाऊन साउंड इंजिनिअरिंग शिकायचं आहे. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, साउंड म्हटल्यावर एकच गोष्ट माहीत होती. "पोरगी वरातीत डीजे वाजवणार?" ते म्हणाले आणि तडक कलीमचाचांकडे तक्रार घेऊन गेले. तिथं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. परत आले ते एक अट घेऊन. कॉलेजला लॅपटॉप लागणार होता. "मशीन कलीमभाई पास करतील तीच घ्यायची. त्यांनी न्हाई म्हटलं तर औंदा न्हाई. हितंच बीएस्सी कर, मंग बघू."

आमच्या घरात 'मंग बघू' म्हणजे कधीच नाही. आणि अण्णांच्या हिशेबी, ज्याला वायर असते ते सगळं कलीमचाचांच्या अखत्यारीत येतं.

जालन्याला आम्ही तिघं एसटीनं गेलो. चाचांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि पिशवीत, कागदात गुंडाळून, पेचकस आणला होता. दुकानदारानं काउंटरवर तीन लॅपटॉप मांडले. एक कागदासारखा पातळ, एक जाडजूड, ज्याच्या बटणांखाली रंगीत दिवे पळत होते, आणि एक साधा काळा. मी साउंडची विद्यार्थिनी आहे हे कळताच त्यानं दिवेवाल्यावर ढोलाचं गाणं मोठ्यानं लावलं. काउंटर हादरायला लागलं.

"आवाज दणदणीत हाय!" अण्णा खूश झाले.

"अण्णा, मी हेडफोन लावून काम करणार. लॅपटॉपनं स्वतः गप्प बसायला पाहिजे," मी म्हणाले. "शेजारी माईक असतो. पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये जातो."

आवाजाच्या कामासाठी गप्प बसणारं यंत्र, हे अण्णांना काही झेपेना. चाचांना मात्र ते लगेच पटलं. "रिकामं चालवून दाखवू नका," ते दुकानदाराला म्हणाले. "रिकामी तर कोन्तीबी मोटर गाती. लोड टाका."

पुण्याच्या कॉलेजातल्या एका ताईनं मला एक मोठी फाइल पाठवली होती, चाळीस आवाज एकाच वेळी चालणारी. ती पेनड्राइव्हवरून तिन्ही लॅपटॉपवर चालवली. मग चाचांनी पिशवीतून पेचकस काढला. दुकानदार दचकून पुढं झाला, तर त्याला हातानंच थांबवून चाचांनी डोळे मिटले. पातळ लॅपटॉप दहा मिनिटांत तव्यासारखा तापला, त्याचा पंखा किंचाळायला लागला आणि गाणं तुटायला लागलं. नापास. दिवेवाला पहिल्यापासूनच घोंघावत होता. नापास. काळा मात्र अर्धा तास सगळा भार ओढत राहिला आणि त्याचा पंखा जेमतेम श्वास घेतल्यासारखा वाजला. चाचांनी त्याच्या पाठीवर हलकी थाप मारली. "पास."

अण्णांनी पैशांसाठी खिशात हात घातला. पण मला त्या काळ्या लॅपटॉपमधून एक शिट्टी ऐकू येत होती. सुईच्या टोकाएवढी बारीक, पण अखंड. माईकसमोर ती माझ्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये येऊन बसली असती. चाचांना ती कशी ऐकू आली नाही, हे मला कळेचना. ज्यांनी मला ऐकायला शिकवलं त्यांना? आणि बोलायचं तरी कसं? अण्णांच्या देखत चाचांचा कान चुकला म्हटलं, तर बातमी आमच्या आधी गावात पोचली असती, आणि माझं पुणं तर 'मंग बघू'त गेलं असतं. मी गप्प राहिले. आजही त्या गप्प राहण्याची मला लाज वाटते.

चाचा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी पेचकस माझ्यापुढं धरला, रोज दुकानात धरायचे तसाच.

"काय म्हणून राह्यली?"

"शिट्टी आहे, चाचा. बारीक. आतल्या कॉइलची असेल."

त्यांनी पेचकस परत घेतला. मग दुकानदाराकडे वळून, जणू हे त्यांना केव्हाच कळलं होतं अशा थाटात म्हणाले, "आयकलं? कॉइल शिट्टी मारून राह्यली. हेच मॉडेल, दुसरा पीस काढा."

दुसरा पीस आला. त्याच्यावर तोच भार टाकला. या वेळी चाचांनी पेचकस आधी मला दिला. मी ऐकलं. आत काहीच नव्हतं, स्वच्छ, मोकळं. मी मान हलवली आणि चाचांची थाप पडली.

स्टँडवर अण्णा गाडीची चौकशी करायला गेले. आम्ही चहा घेऊन बाकावर बसलो, लॅपटॉपचं खोकं आमच्या मधे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन सालं झाली. जाड आवाज येतो बराबर. बारीक गेला." ते बशीत फुंकर घालत राहिले. "जाळीतल्या चिमण्याबी चूप झाल्या. मी समजलो, उडून गेल्या."

"मग मोटरी पास कशा करत होता?"

"तू होती ना दुकानात."

परीक्षा माझी नव्हतीच. दोन वर्षं त्या थापेच्या आधी माझं उत्तर यायचं, आणि मला वाटायचं ते तपासताहेत.

"आणि मी गेल्यावर?"

"तू जा," ते म्हणाले. "मोटरी काय, कोन्हीबी भरंल. तुझा कान बेअरिंगमागं कशाला घासायचा?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिन्ही मशीनी नापास करायला त्यांना एक शब्द पुरला असता. अण्णांनी तो मानला असता, मी जाफराबादलाच राहिले असते, आणि चाचांचा कान त्यांच्या स्टुलावर तसाच बसून राहिला असता. मला रडू आलं. चिमण्या तिथंच आहेत, रोज किलबिलतात, हे मी त्यांना सांगणारच होते, तेवढ्यात अण्णा गाडी लागली म्हणून ओरडत आले आणि ते राहूनच गेलं.

पुण्यात लॅपटॉप गप्प बसून माझं ऐकत राहिला. चाचा फोन मोटरला टेकवून रेकॉर्डिंग पाठवायचे, मी हेडफोन लावून ऐकायचे आणि कळवायचे, "पुढचं बेअरिंग" किंवा "पास". एकदा मी त्यांना सांगितलं, की आम्ही रिकाम्या खोल्यांची शांतताही रेकॉर्ड करतो, कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. ते खूप हसले. "चूप बसल्याचा आवाज! त्याचाबी खर्चा करता?"

दुसऱ्या वर्षी ऐन प्रॅक्टिकलमध्ये त्यांचं एक रेकॉर्डिंग आलं. मी दोन-चार सेकंद ऐकलं. मोटर नव्हती. चुकून बटण दाबलं गेलं असेल म्हणून सोडून दिलं. आठ दिवसांनी अण्णांचा फोन आला. चाचा दुपारी दुकानातच बसल्या जागी गेले होते.

मग मी ते रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं. तीन मिनिटं. लांबून जीपवाल्याची "भोकरदन, भोकरदन" अशी हाक, चाचांचा जड श्वास, आणि बाकी त्या गाळ्याची शांतता, मी डोळे मिटूनही ओळखेन अशी. शेवटी त्यांचा आवाज येतो.

"बेटा, आज मोटर न्हाई. दुकान चूप बसलंय, म्हटलं पाठवावं. काय म्हणून राह्यलं? आन् त्या चिमण्या... हाईत का अजून?"

त्यांच्या प्रश्नाच्या मागं, अगदी वरच्या बारीक सुरात, त्या ऐकू येतात. मी दर वेळी हेडफोन काढते आणि मोठ्यानं सांगते, "हाईत, चाचा. दोन तरी हाईत."