ग्रीकांचे प्रश्न, भिक्खूंची पवारणा: सोलापूर ते तेर

मामाची बदली दौंडला झाली नसती तर मी तेरला गेले नसते. मामा रेल्वेत आहे. राहतो होटगीत आणि तिथल्या विहारात दर रविवारी मुलांचा वर्ग घेतो. तो गेल्यावर वर्ग कोण चालवणार, याला कुणाकडे उत्तर नव्हतं. त्याच्या आग्रहावरून वर्षावासातले, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतले, शेवटचे काही रविवार मी घेतले. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं ही माझी नोकरी आहे. वर्ग कायमचा घ्यायचा की नाही ते मुलांच्या सहलीनंतर सांगते, असं मी म्हणाले होते. मी नाही म्हटलं की विहाराला कुलूप, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आमच्या पद्धती वेगळ्या. मामा सगळ्यांकडून एका सुरात पाठ करून घेतो. मी ग्रीकांची रीत धरली होती: उत्तर सांगायचं नाही, विचारत राहायचं आणि समोरच्याला त्याच्याच बोलण्यातली विसंगती दाखवायची. सहलीसाठी तेर निवडलं कारण तिथे दोन्ही जगं येऊन गेली. ग्रीक व्यापाऱ्यांना ते ‘तगर’ म्हणून माहीत होतं आणि तिथे विटांचं बौद्ध चैत्यगृह होतं.

जाणार असाल तर एक सूचना. कोजागिरीच्या आसपास सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी जाणाऱ्यांनी भरलेला असतो, ते दिवस टाळा. आम्ही पुढचा रविवार घेतला. भाड्याची जीप वाटून घेतली तर माणशी तीनेकशे रुपये पडतात. धाराशिवपर्यंत रस्ता उत्तम आहे, पुढे अरुंद होतो. तेरमध्ये जेवणाच्या भरवशावर राहू नका. आमच्याकडे कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही होतं.

चैत्यगृह आज त्रिविक्रमाचं मंदिर आहे. पुढचा मंडप नंतरचा. मागे जाऊन पाहिल्याशिवाय निघू नका: अर्धगोल पाठ आणि वर गजपृष्ठाकार छप्पर, सगळं विटांत. इतक्या शतकांनंतरही ती वक्ररेषा कुठे ढळलेली नाही. मी बराच वेळ तिथेच उभी होते.

“ग्रीकांची शाळा पण अशीच असायची का गं?” मामाने विचारलं.

“नाही. गावाबाहेरची झाडी. चालत चालत वाद घालायचे. त्यांचा शाळेसाठीचा शब्दच फुरसतीवरून आलाय.”

“मग रेल्वेवाल्याचं काम न्हाय ते,” मामा म्हणाला.

खरं होतं. तिथे फुरसत असलेल्यांची मुलं शिकत. भिक्खुसंघ जात विचारत नव्हता. अर्थात दास, कर्जदार आणि राजाचे सैनिक यांना तिथेही प्रवेश नव्हता, हेही सांगायला हवं. पण शिष्य आजारी पडला तर आचार्याने त्याची सेवा करावी, आणि आचार्य चुकीच्या मताकडे झुकला तर शिष्याने त्याला सावरावं, असा नियम करणाऱ्या शिक्षणपद्धतीबद्दल मला आदर वाटतो.

जेवण झाल्यावर नदीकाठी झाडाखाली मामाने पवारणा घेतली. वर्षावास संपताना भिक्खू एकमेकांना आपल्या चुका दाखवायची विनंती करतात. सुरुवात सर्वांत ज्येष्ठाने करायची. मामा मुलांसमोर उकिडवा बसला आणि हात जोडले.

“माझं काय चुकलेलं दिसलं, ऐकलं, नुसती शंका जरी आली असंल, तर सांगा.”

“पाठ आडलं की परत पहिल्यापासनं म्हणायला लावता,” एकजण म्हणाला. “मधनं चालू करू द्या की.”

“बरं. देतो.”

“तंबाखू खाऊन शिकवता.”

“ते जरा अवघड हाय,” मामा म्हणाला. पोरं खिदळली. मामाने मात्र हात जोडलेलेच ठेवले. “पण चूक हाय. मान्य.”

मग तो माझ्याकडे बघायला लागला. मला बसावं लागलं. तेच वाक्य म्हटलं. सुटले असं समजून उठायला लागले.

सातवीतल्या आम्रपालीने तोंड उघडलं. “ताई, तुमी लई प्रश्न इचारता. पण उत्तर तुमाला म्हाईतच असतंय की. मग इचारता कशाला? आमी चुकायची वाट बघता व्हय?”

पवारणेत स्वतःचं समर्थन करायचं नसतं. मी म्हणाले, “बरोबर आहे.”

आम्ही परतलो. होटगीत उतरताना आम्रपाली जीपचं दार धरून उभी राहिली. “रविवारी येनार न्हवं?”

“येते,” मी म्हणाले.

घरी आल्यावर विचार केला. ग्रीकांचा प्रश्न अजूनही मला धारदार आणि सुंदर वाटतो. पण विचारणाऱ्याने आधी समोर उकिडवं बसावं, ही सोय भिक्खूंनी केली होती आणि ती मला जास्त कठीण वाटते.

त्यानंतर एक वर्ग झाला. प्रश्न मुलांनी विचारले.

“ग्रीकांच्या शाळेत पोरी होत्या का?”

“जवळजवळ नाहीच.”

“आन् संघात?”

“होत्या. पण बुद्धांनी आधी नकार दिला होता, असं ग्रंथांत आहे.”

“का?” आम्रपालीने विचारलं.

मी जे वाचलंय त्याने माझं स्वतःचं समाधान झालेलं नाही. “मला माहीत नाही,” मी म्हणाले.

मागची पोरं सरकून पुढे बसली.